गाळा क्रमांक सातचा वांगीभात

गुरुराज राव यांनी ताकभात कालवायला घेतला आणि तेवढ्यात दिल्लीहून फोन आला, की त्यांच्या विमानतळावरचा गाळा क्रमांक सात आदर्श गाळा ठरला आहे.

"अभिनंदन," फोनवरची मुलगी चक्क मराठीत बोलली. "देखरेख विभागातून देविका बोलतेय. राव म्हणजे तंजावरचे मराठी ना तुम्ही? मी साताऱ्याची. मागच्या आठ-नऊ वर्षांचे तपासणी अहवाल वाचले. बाकीच्या गाळ्यांबद्दल 'समाधानकारक' एवढंच लिहिलंय. सात नंबरला मात्र दरवर्षी 'अत्युत्तम'. म्हणून शुक्रवारी येतेय. मला तो गाळा बघायचाय."

"बघायचाय म्हणजे?"

"म्हणजे आत जाऊन बघायचाय, सर."

गुरुराज रावांचा हात ताकभातातच राहिला. आयुष्यभराच्या नोकरीत देखरेख विभागातल्या कोणी काही बघायची इच्छा व्यक्त केल्याचं त्यांना आठवेना.

"कोण होतं?" स्वयंपाकघरातून त्रिपुरसुंदरीबाईंनी विचारलं.

"दिल्ली. आपल्या पेट्यांना बक्षीस मिळालंय."

"कसल्या पेट्यांना?"

"तुझ्या बाहुल्यांच्या."

त्रिपुरसुंदरीबाई बाहेर आल्या, नवऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि पंखा वाढवला.

पण रावांना ताप नव्हता. गाळा क्रमांक सातमध्ये खरोखरच त्रिपुरसुंदरीबाईंच्या बाहुल्यांच्या पेट्यांशिवाय काहीही नव्हतं.

हा विमानतळ चेन्नईच्या उत्तरेला, गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यांच्याही पलीकडे, किनारपट्टी विमानस्थळ मंडळाने बांधलेला. दिवसातून थोडी विमानं येत, थोडी जात, आणि मधल्या वेळात मंडळ टिकून राही. गुरुराज राव तिथल्या भाडे विभागाचे अधीक्षक. हे काम वाटतं तितकं अवघड नव्हतं. भाडेकराराच्या तिसऱ्या कलमात म्हटलं होतं, की दोन्ही पक्षांची संमती असल्यास भाडं वाढवता येईल. राव दरवर्षी सर्व गाळेधारकांना संमती आहे का असं विचारत. गाळेधारक विचार करून नाही म्हणत. मग सगळे मिळून कॉफी पीत. एक नंबरच्या गाळ्यात हलवा विकणाऱ्या नारायणस्वामींना वडिलांकडून दुकान मिळालं तसं वडिलांच्या वेळचं भाडंही मिळालं होतं. चेन्नईतल्या जॉर्ज टाउनच्या बाजारात तेवढ्या पैशात कोणी सायकलसुद्धा उभी करू दिली नसती.

सात नंबरचा भाडेकरू दुकान गुंडाळून निघून गेला, तेव्हाच राव पती-पत्नी मैलापूरचं जुनं घर सोडून पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. फ्लॅट मुलाने घेतला होता. कार्तिकेयने फ्लॅट घेतला, आईवडिलांना त्यात ठेवलं आणि स्वतः परदेशी गेला. फ्लॅटमध्ये सगळं होतं, पण कोलूच्या पेट्यांना जागा नव्हती. नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या त्या बाहुल्या त्रिपुरसुंदरीबाईंच्या पणजीपासून जमत आलेल्या. दरवर्षी एक तरी नवी घ्यायची असा रिवाज, आणि जुनी टाकायची असा रिवाज नाही. "आठवडाभर ठेवू," असं म्हणून रावांनी पेट्या सात नंबरमध्ये हलवल्या. तो आठवडा अजून संपला नव्हता. नवरात्र आलं की पेट्या सामानाच्या गाडीतून घरी येत आणि दसरा झाला की परत जात.

हे उघडकीला का आलं नाही, याचं कारण तपासणीच्या पद्धतीत होतं. दिल्लीचे अधिकारी सकाळच्या विमानाने येत आणि संध्याकाळच्या विमानाने जात. अख्ख्या इमारतीत धड थंड हवा फक्त कॅन्टीनमध्ये होती. तेव्हा अधिकारी गाळ्यांकडे जाण्याऐवजी गाळेच अधिकाऱ्यांकडे येत. नारायणस्वामींचा हलवा येई, पुस्तकवाल्याकडून मासिकं येत, शालवाल्याकडून शाल येई. ज्याच्याकडून काही आलं तो गाळा आहे असं धरलं जाई. पहिल्या वर्षी काशिनाथ नावाचे अधिकारी आले होते. शाल खांद्यावर घेऊन ते म्हणाले, "सात नंबरचं काही आलं नाही?" हातात होता तो स्वतःचा जेवणाचा डबा रावांनी पुढे सरकवला. डब्यात वांगीभात होता. काशिनाथांनी तो बोटं चाटून खाल्ला आणि लिहिलं, 'गाळा क्रमांक सात : अत्युत्तम.' तेव्हापासून तपासणीच्या दिवशी राव दोन डबे नेत.

"आणि मज काय सांगत होतां? साहेबांना घरचं आवडतं म्हणून," सगळं ऐकून त्रिपुरसुंदरीबाई म्हणाल्या.

"आवडतंच की. खोटं काय सांगिटलं?"

"आता काय होईल?"

"सरकारी जागेत बायकोच्या पेट्या ठेवल्या, भाडं नाही, परवानगी नाही. निवृत्तीला राहिलेत थोडे महिने. पेन्शन अडकवतील. आणि ज्या माणसाने कधी कोणाचा चहा फुकट घेतला नाही..."

"कॉफी घेतलांत."

"कॉफी निराळी."

रात्रभर विचार करून रावांनी सकाळी उपाय काढला. पेट्या हलवायच्या म्हटल्या तरी सामानाची गाडी दुरुस्तीला गेलेली, आणि रिकामा गाळा दाखवला तर 'अत्युत्तम' काय होतं ते सांगावं लागणार. शुक्रवार नेमका नवरात्रातला. तेव्हा बाहुल्या तिथेच मांडायच्या, दारावर 'हस्तकला व खाद्यपदार्थ' अशी पाटी लावायची, वांगीभात आणि हरभऱ्यांचं सुंडल ठेवायचं, आणि त्रिपुरसुंदरीबाईंनी एक दिवस भाडेकरू व्हायचं.

"तिने विचारलं, की सांगायचं, मी इथं आठ-नऊ वर्षं दुकान चालवते. एवढंच."

"सरी, बरं," त्रिपुरसुंदरीबाई म्हणाल्या. त्यांचं अर्धं लक्ष नवव्या पायरीला पाट कुठून आणायचा याकडे होतं. रावांचं सगळं लक्ष पाटीकडे. त्यामुळे एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. त्यांच्या घरात कितीही पिढ्या मागे गेलं तरी कोलूसमोर कोणी खोटं बोललेलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी गाळा असा काही सजला की शेजारचा शालवाला आपलं दुकान सोडून तिथे येऊन उभा राहिला. वरच्या पायरीवर कलश, त्याखाली देव, मग लाकडी राजाराणी, मग लग्नाची वरात, आणि खालच्या पायरीवर मातीचा चेट्टियार वाणी बायकोला घेऊन डाळ-तांदळाच्या इवल्या राशींसमोर बसलेला. कडेला मान डोलावणारी तंजावरी बाहुली. विमानाला उशीर होता. बायका चपला बाहेर काढून आत आल्या. त्रिपुरसुंदरीबाईंनी त्यांना कुंकू लावलं, द्रोणात सुंडल दिलं. एका आजींनी देवीचं पद म्हणायला घेतलं. पदाला सात कडवी होती. सुरक्षा रक्षकाने बूट काढून मान लववली आणि दोन द्रोण घेतले. एका प्रवाशाने पाकीट काढलं.

"आत ठेव रे, कण्णा बाळा. कोलूच्या सुंडलाचे पैसे घेतात कुठे?"

"अग, घे की," राव कुजबुजले. "दुकान आहे."

"मग तुम्ही घ्या. देवीकडे तोंड करून घ्या."

रावांनी देवीकडे पाहिलं आणि हात मागे बांधले.

इतक्यात देविका आली. खांद्याला पिशवी, डोळ्यांवर चष्मा, आणि ती थेट गाळ्याकडेच निघाली होती. कॅन्टीनच्या दारात शाल घेऊन उभ्या असलेल्या माणसाला तिने रस्ता विचारला आणि शाल तशीच राहिली. येताना तिने बाकीचे गाळेही पाहिले होते. त्यामुळे नारायणस्वामी घाम पुसत मागे मागे येत होते.

"राव सार, ह्या बाईंनी मला भाडं विचारलं," ते हळूच म्हणाले.

"मग?"

"सांगितलं. तर परत विचारलं. त्यांना वाटलं, मी एका दिवसाचं सांगतोय."

देविका दारात थांबली, पायऱ्या खालून वर पाहिल्या, आणि तिने चपला काढल्या. तिथेच रावांना थोडा धीर आला. त्रिपुरसुंदरीबाईंनी तिला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि पुढ्यात वांगीभाताचं पान ठेवलं.

"ये मा. आधी जेव. मग पुसायचं ते पूस."

"काकू, मला काही घेता येत नाही. नियम आहे."

"नियम बाहेर ठेव, चपलांजवळ. तीनशे वर्षांमागे आम्हीही तिकडूनच आलों. माहेरची पोर उपाशी परत पाठवूं?"

देविकाने थोडा विचार केला आणि घास घेतला. मग दुसरा घेतला. दिल्लीत ती एका खोलीत राही आणि रात्री बिस्किटं खाई, हे पुढे तिनेच सांगितलं. पान संपल्यावर मात्र तिने वही काढली.

"छान आहे काकू. आता सांगा, ह्या गाळ्याचा भाडेकरू कोण?"

गुरुराज रावांनी डोळ्यांनी खूण केली. त्रिपुरसुंदरीबाईंनी तोंड उघडलं. मग त्यांची नजर वर गेली, कलशाकडे. त्यांनी तोंड मिटलं. पुन्हा खाली पाहिलं, आणि सगळ्या गाळ्यात धंदा करणारा एकच माणूस दिसला त्याच्याकडे बोट केलं.

"तो. चेट्टियार."

"हा मातीचा?"

"दुकान त्याचंच आहे. आमच्या पेट्या आहेत."

"अग," राव म्हणाले.

"अग काय? देवीसमोर बसल्ये मी. मा, हे दुकान नाही. कधीच नव्हतं. घरी जागा नाही म्हणून ह्यांनी पेट्या ठेवल्या. साहेब लोक कॅन्टीनमध्ये बसून जो भात खायचे तो ह्यांचा डबा. आज तू बघायला येतेस म्हणून हे मांडलं. खोटं एवढंच. भात खरा आहे."

पद म्हणणाऱ्या आजींनी शेवटचं कडवं गिळलं. गुरुराज रावांनी पेन्शनला मनातल्या मनात नमस्कार केला आणि चेट्टियाराशेजारी खाली बसले.

"मॅडम, ती म्हणते ते बरोबर आहे," ते म्हणाले. "चूक माझी आहे. तिला काही माहीत नव्हतं."

देविकाने वही मिटली. रागावल्यासारखी दिसली नाही, दमल्यासारखी दिसली. "सर, तुम्ही इथे भाडं वाढवत नाही, हे मला येतानाच कळलं. मंडळाला जे थोडं मिळतं ते विमानतळावरच खर्च करायचं असतं, हे तरी माहीत आहे ना? मग हिशेबात जो हंसाच्या आकाराचा बसथांबा दाखवलाय, त्याचं काय? तो तर मंडळाच्या अध्यक्षांच्या गावी आहे. इथून गाडीने तीन तास."

"'विमानतळाकडे येणाऱ्या प्रवाशांची सोय' ह्या सदराखाली केलाय," राव म्हणाले. "त्या गावातूनही एखादा प्रवासी कधीतरी येईल."

"तिथून इकडे बस येते?"

"बस येत नाही. थांबा मात्र तयार आहे."

देविकाने फोन काढला. "मला हे सगळं लिहावं लागेल, सर. आधी माझ्या संचालकांना सांगते." आणि सगळ्यांना ऐकू येईल असाच तिने फोन लावला, कारण त्या गाळ्यात खासगी बोलायला जागा नव्हती.

"काशिनाथ सर, मी सात नंबरमध्ये आहे."

"वा," पलीकडून प्रसन्न आवाज आला. "वांगीभात खाल्लात?"

"खाल्ला. सर, इथे गाळाच नाही. कधीच नव्हता."

"नाही कसा? मी स्वतः तपासलाय."

"आत जाऊन?"

पलीकडे खुर्ची करकरली. इकडे पंख्याच्या वाऱ्याने तंजावरी बाहुली मान डोलवत होती.

"देविका," काशिनाथ म्हणाले, "गाळा नव्हता असं तुम्ही लिहिलंत, तर मी काय खाल्लं ते मला लिहावं लागेल. माझ्यानंतर जे आले त्यांनाही. त्यांतले दोघे आता माझ्या वर आहेत. तुम्ही हुशार आहात. काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा. आणि त्या बाईंना नमस्कार सांगा."

देविकाने फोन पिशवीत टाकला. मग म्हणाली, "काकू, तुम्ही हे दुकान खरंच चालवाल?"

"नवरात्रात नाही."

"दसऱ्यानंतर?"

"चालवीन की. हे निवृत्त झाले की दिवसभर घरात बसून मज काय पकवलंस म्हणून विचारणार. त्यापेक्षा लोकांनी विचारलेलं बरं."

"पण रीतसर. आधीच्या वर्षांचं भाडं भरायचं, आणि पुढे बाजारभावाने. कलम तीनप्रमाणे तुमची संमती लागेल."

नारायणस्वामी पुढे झाले. "मामी, विचार करून बोला. तुम्ही हो म्हणालात, तर उद्या आम्हालाही म्हणावं लागेल."

"जागा वापरता ना?"

"वापरतो."

"मग हो म्हणा. त्यात विचार काय करायचा?" त्रिपुरसुंदरीबाई देविकाकडे वळल्या. "संमती आहे, मा."

मंडळाच्या इतिहासात हे वाक्य पहिल्यांदाच उच्चारलं गेलं. गुरुराज रावांना ते कुठे नोंदवायचं हेही कळेना.

देविकाने त्या दिवशी जो अहवाल लिहिला त्यात एक शब्द खोटा नव्हता. गाळा क्रमांक सात आपण आत जाऊन पाहिला, यापुढील सर्व तपासण्या अशाच पायी करण्यात याव्यात, असं तिने लिहिलं. आधीच्या अहवालांचा तिने उल्लेख केला नाही. खाली मात्र जोडलं, 'भात अत्युत्तम.' काशिनाथांनी सही करायला अजिबात वेळ लावला नाही.

मग सगळं नियमाने झालं, आणि नियमाने झाल्यावर जे होतं ते गुरुराज रावांचं झालं. मागचं भाडं त्यांच्या निवृत्तीच्या पैशातून गेलं. दुकानात भांडी आली म्हणून बाहुल्यांच्या पेट्या पेरुंगुडीला आल्या, आणि ज्या कोपऱ्यात राव निवृत्तीनंतर आरामखुर्ची टाकणार होते तिथे छतापर्यंत रचल्या गेल्या. निवृत्त झाल्यावर राव रोज सकाळी उठून बायकोबरोबर विमानतळावर जात आणि वांगी चिरत. नारायणस्वामींचंही भाडं वाढलं होतं. ते रावांशी बोलत, पण कॉफी पाजत नसत.

एवढ्यावर हे थांबलं असतं. पण त्रिपुरसुंदरीबाईंना एक सवय होती. भाजीवाल्याला दिलेल्या रुपयाचंही काय आलं, ते त्या पिशवी उलटी करून बघत. दुसऱ्या महिन्याचं भाडं भरल्यावर त्यांनी विचारलं, "पहिल्या महिन्याच्या पैशाचं काय केलं मंडळाने?"

राव चिरायचे थांबले. हा प्रश्न त्यांना सबंध नोकरीत कोणी विचारला नव्हता. त्यांनी जुन्या कचेरीत जाऊन चौकशी केली आणि संध्याकाळी येऊन सांगितलं, "बाक केला."

"कुठे? इथं तर बाया जमिनीवर बसतात विमानाची वाट बघत."

"अध्यक्षांच्या गावी. हंसाच्या पोटात."

दुसऱ्या दिवशी त्रिपुरसुंदरीबाईंनी डबा भरला, टॅक्सी केली आणि तीन तासांनी अध्यक्षांच्या गावी उतरून हंसाखालच्या बाकावर बसल्या. टॅक्सी परत पाठवली.

"कुठे जायचंय, अम्मा?" समोरच्या टपरीवाल्याने विचारलं.

"विमानतळावर."

"इथून बस नाही जात."

"येईल. थांबा आहे, बाक आहे. बाक माझ्या पैशाचा आहे. बस आल्याखेरीज मी उठायची नाही."

दुपारपर्यंत गावातल्या बायका जमल्या. डबा उघडला गेला. बातमी ऐकून अध्यक्षांची म्हातारी आईसुद्धा काठी टेकत आली, दोन घास खाल्ले आणि शेजारी बसली. बस का येत नाही याचं उत्तर तिलाही देता येईना, तेव्हा तिने मुलाला फोन लावला.

"अरे, इथे एक बाई बसची वाट बघतेय. मीपण बसल्येय तिच्याबरोबर. कधी येईल?"

अध्यक्ष मोठ्या माणसांना उत्तरं देण्यात वाकबगार होते. आईला मात्र दोनदा विचारावं लागलं नाही. मंडळाचे पाहुणे नेण्याआणण्याची बस विमानतळावर अशोकाच्या झाडाखाली उभी असे. ती संध्याकाळी हंसापाशी येऊन थांबली.

रात्री बस विमानतळाच्या दारात आली. दिवसभर दारात उभे राहून रावांचे पाय भरून आले होते. आधी अध्यक्षांची आई उतरली. तिला विमान जवळून बघायचं होतं. मागून त्रिपुरसुंदरीबाई उतरल्या, रिकामा डबा रावांच्या हातात दिला आणि कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बस उद्यापासून रोज येणार आहे," त्या म्हणाल्या. "बाक चांगला आहे, पण पाठ टेकायला काही नाही. पुढल्या महिन्याच्या भाड्यातून तेवढं करायला सांगा. त्याच्या पुढल्या महिन्यात इथल्या बायांना बाक."

गुरुराज राव निवृत्त होते. तरी खिशातून पेन काढून त्यांनी ते लिहून घेतलं.